मनुकांचे मद्य आणि आईची बाटली

२०२३ च्या मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला, तेव्हा अणदूरच्या शिवारातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचा बेदाणा रॅकवर होता. माल टाकून नऊ दिवस झाले होते. आणखी पाच-सहा दिवस ऊन मिळाले असते तर बेदाणा झाडून, निवडून खोक्यांत भरला गेला असता. वाऱ्याने शेडनेट फाटले आणि रात्रभर पाणी एका जाळीतून दुसऱ्या जाळीवर गळत राहिले. मी तिसऱ्या दिवशी गेलो. माझे शेतीऔषधांचे दुकान आहे. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेट त्यांनी माझ्याकडूनच उधारीवर नेले होते, त्यामुळे जाणे भागच होते. उधारीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. शेडमध्ये शिरताच वास आला. कुजका म्हणावा असा नव्हे. आंबूस, गोड आणि नाकात जरा झोंबणारा.

मूठभर मणी कागदात बांधून घरी आणले. आई चौऱ्याऐंशीची. डोळ्यांना कमी दिसते, पण नाक शाबूत आहे. पुडी सोडल्याबरोबर ती म्हणाली, "द्राक्षासव सांडलं का रं?"

मी बरीच वर्षे ज्या प्रश्नाभोवती घुटमळत होतो, त्याचे टोक मला या वाक्यात सापडले. वाळलेल्या द्राक्षापासून मद्य करायचे, ही कल्पना आपल्याला परकी वाटते. ती खरेच परकी आहे का?

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला तो त्याच्या आदल्या वर्षी, पुण्याला भाच्याकडे. कंपनीच्या कामासाठी तो इटलीला जाऊन आला होता. येताना त्याने एक बाटली आणली होती. "मामा, ही वाळवलेल्या द्राक्षांची आहे. तुमच्या बेदाण्याची म्हणा." मी पिणारा नव्हे. आमच्या घरात त्याला कारण आहे, ते पुढे येईल. पण बेदाण्याचे नाव निघाल्यावर राहवले नाही. एक घोट घेतला. रंग पिकल्या जांभळासारखा गडद. वास सरळ मनुकांचा, खारकेचा. म्हणून जीभ गोडाची वाट बघत होती, तर गोड काहीच नाही. जड, ऊबदार आणि शेवटी आवळकाठी चघळल्यासारखे कडवट. त्या वाइनचे नाव आमारोने. इटालियन भाषेत आमारो म्हणजे कडू, आणि आमारोने म्हणजे मोठे कडू.

वेरोना हे गाव आपल्याला शेक्सपिअरच्या रोमिओ-ज्युलिएटमुळे ठाऊक असते. त्याच्या उत्तरेला डोंगरउतारांचा जो पट्टा आहे तो वालपोलिचेल्ला. तिथे कोर्विना, कोर्विनोने, रोंदिनेल्ला अशा स्थानिक जातींची काळी द्राक्षे होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी. त्यातले निवडक, सुटे घड, ज्यांच्या मण्यांमधून वारा खेळेल असे, बाजूला काढतात आणि माळ्यावर पसरून ठेवतात. ऊन दाखवत नाहीत. खिडक्या हवा बघून उघडायच्या, धुके आले की लावायच्या. साधारण शंभर ते एकशेवीस दिवस हे चालते. तेवढ्यात घडाचे वजन एक तृतीयांशाने, कधी त्याहूनही जास्त घटते. मणी सुरकुततो, पण बेदाण्यासारखा खडखडीत होत नाही. १ डिसेंबरच्या आत तो ठेचायचा नाही, असा तिथला सर्वसाधारण नियम आहे. आता बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचे क्रेट आणि पंखे आले आहेत. पूर्वी हे घड बांबू-बोरूच्या तट्ट्यांवर पसरत. त्या तट्ट्यांना आरेले म्हणतात, आणि त्याच तट्ट्या उन्हाळ्याच्या तोंडावर रेशमाचे किडे पाळायला वापरल्या जात. हे वाचले तेव्हा मी मनातल्या मनात हसलो. मराठवाड्यात द्राक्षाने हात पोळलेले किती तरी शेतकरी गेल्या काही वर्षांत तुतीकडे वळलेले मी पाहिले आहेत.

पाणी उडाले की साखर दाट होते. ही दाट साखर यीस्ट, म्हणजे किण्व, खात जाते आणि तिचे मद्यार्क करते. थंडीत हे काम फार सावकाश चालते. किण्व मध्येच थकले, किंवा माणसाने थांबवले, तर साखर उरते आणि गोड वाइन होते. तिला तिथे रेचोतो म्हणतात, आणि मूळची जुनी वस्तू तीच. किण्वाने सगळी साखर फस्त केली तर आमारोने. १९३६ साली वालपोलिचेल्लाच्या सहकारी संस्थेत रेचोतोचे एक पिंप विसरले गेले, ते आंबत राहून कोरडे झाले आणि अदेलिनो लुक्केझे या तळघरप्रमुखाने चाखून त्याला हे नाव दिले, अशी गोष्ट तिथे सांगतात. मला अशा विसरलेल्या पिंपांच्या गोष्टी फारशा पटत नाहीत. रेचोतो कधी कधी हाताबाहेर जाऊन कोरडे होते, हे तिथल्या म्हाताऱ्यांना त्याआधीही माहीत असणारच. नवे झाले ते एवढेच की बिघडलेल्या मालाला नाव मिळाले, पुढे बाजार मिळाला. १९६८ साली सरकारी मानांकन आले, २०१० मध्ये सर्वांत वरचे. नियमाने मद्यार्क किमान १४ टक्के हवा. बिघडलेल्या मालाला नाव देणारी ती संस्था सहकारी होती, ही गोष्ट सोलापूर-धाराशिवच्या वाचकाला मुद्दाम सांगावीशी वाटते.

आता आपला बेदाणा. आपल्याकडची वेल थंडीत झोपत नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार होण्यासाठी. आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, ती फळासाठी. माल हातात येतो फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे ऊन चढत असताना. वेरोनाचा माल थंडीत शिरतो, आपला उन्हाळ्यात. बाकीचे सगळे फरक या एका फरकातून निघतात, असे मला वाटते. बेदाण्यासाठी द्राक्षात २२-२४ ब्रिक्स साखर भरू देतात. शंभर लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल घालून त्यात घड दोन-चार मिनिटे बुडवतात. मण्यावरचा मेणाचा थर त्याने मोकळा होतो आणि पाणी बाहेर पडायला वाट मिळते. मग सावलीच्या शेडमध्ये नायलॉनच्या जाळीच्या रॅकवर पसरायचे. बारा ते अठरा दिवसांत काम तमाम. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा, ओलावा पंधरा-सोळा टक्के. वर गंधकाची धुरी, ती रंग राखण्यासाठी. सौद्यात भाव रंगाला मिळतो. हिरवट-पिवळा, लांब मणी असेल तर बोली चढते. काळपट पडला की उतरते. म्हणजे वेरोनाचा माणूस शंभर दिवस थांबून मण्यातला रस बदलण्याची वाट बघतो आणि आपण पंधरा दिवसांत रस आहे तसा पकडून ठेवण्याची धडपड करतो. आपली थॉमसन आणि तिच्यातून निवडलेल्या जाती, म्हणजे तासगावजवळच्या बोरगावची तास-ए-गणेश, सोलापूरजवळच्या नान्नजची सोनाका, या पातळ सालीच्या, पांढऱ्या. त्या खायला आणि वाळवायला नामी. सालीतून रंग आणि कडवटपणा उतरवायचा म्हटले तर त्यांच्यात ते नाहीच.

जाळीवर पसरण्याची रीत मात्र फार जुनी आहे. कार्थेजच्या मागो नावाच्या लेखकाने शेतीवर अठ्ठावीस खंड लिहिले होते. रोमनांनी इ.स.पूर्व १४६ मध्ये कार्थेज जाळले, पण हे खंड लॅटिनमध्ये उतरवून घेण्याचा ठराव त्यांच्या सिनेटने केला. मूळ ग्रंथ गेला. पण वाळवलेल्या द्राक्षांच्या मद्याची, म्हणजे पासुमची, मागोची कृती कोलुमेल्ला या रोमन लेखकाने पहिल्या शतकात उतरवून ठेवली आहे. दुबेळक्याचे खांब चार-चार फुटांवर रोवायचे, आडव्या काठ्या टाकायच्या, त्यांवर बोरू पसरायचे, त्यावर द्राक्षे. दिवसा ऊन द्यायचे, रात्री दव पडू नये म्हणून झाकायचे. वाळलेले मणी मग ताज्या उत्तम रसात बुडवायचे आणि सहाव्या दिवशी पिळायचे. खांब आणि आडव्या काठ्या वाचल्यावर मला आमच्याकडचा रॅकच दिसला. हेसिअड हा ग्रीक कवी तर त्याहून कित्येक शतके आधीचा; तोही दहा दिवस ऊन आणि पाच दिवस सावली असा हिशोब सांगतो. आणि वेरोनाच्या भागातले असे मद्य राजाच्या पंक्तीसाठी मिळवा, असे पत्र कॅसिओडोरस या मंत्र्याने सहाव्या शतकात, ५३३ ते ५३७ च्या दरम्यान, लिहिलेले आहे. तेव्हा इटलीवर ऑस्ट्रोगॉथांचे राज्य होते. शरदात तोडलेले घड उलटे टांगायचे आणि डिसेंबरपर्यंत वाट पाहायची, हे सारे त्या सरकारी पत्रात आहे. मंत्र्याने खरेदीच्या पत्रात एवढे रंगून जावे, याचे मला कौतुक वाटते.

इथे मला माझी एक जुनी चूक कबूल केली पाहिजे. आमच्या जिल्ह्यात तेर आहे. प्राचीन तगर ते हेच, हे फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिले. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये तगरचा उल्लेख आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर; तिथले साधे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचला जाई. त्याच पुस्तकात भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे आणि तिच्यात मद्य आहे: इटलीचे, लाओदिकेयाचे आणि अरबस्तानचे, त्यातही पसंती इटलीच्या मद्याला. हे वाचून मी हरखून गेलो होतो. २०११ मध्ये एका तालुका साप्ताहिकाच्या दिवाळी अंकात मी ठोकून दिले की, तेरच्या श्रेष्ठींनी कापड विकून इटालियन वाइन प्यायली. एका निवृत्त प्राध्यापकांचे पोस्टकार्ड आले. त्यात एकच ओळ होती: भडोचला उतरलेला माल तेरला पोचला हे कशावरून?

कशावरूनच नाही. कापड तेरहून भडोचला गेले हे पुस्तक सांगते, मद्य उलट आले हे सांगत नाही. मला तसे हवे होते म्हणून मी ते वाचले. पुढे आणखी एक गोष्ट कळली. पश्चिम भारतात सापडलेल्या मडक्यांच्या पुष्कळ खापऱ्या पूर्वी रोमन मद्यकुंभांच्या म्हणून नोंदल्या गेल्या होत्या. रॉबर्टा टॉम्बर या संशोधिकेने त्या पुन्हा हाताळल्या, तेव्हा त्यातल्या बऱ्याच इटलीच्या नव्हे तर इराक-इराणकडच्या निघाल्या. आतून डांबर फासलेले, बुडाला निमुळते, उंच कुंभ. म्हणजे दख्खनच्या किनाऱ्यावर मद्य आले ते सगळे रोमकडूनच आले, हा माझ्या पिढीच्या हौशी संशोधकांचा लाडका समज होता. तो सोडावा लागला. प्राध्यापकांचे पोस्टकार्ड अजून माझ्या 'पेरिप्लस'च्या प्रतीत खूण म्हणून आहे.

तेव्हा बाहेरून आलेले मद्य बाजूला ठेवू. आपले काय होते?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक प्रकरण आहे. तिथे मद्यांचे प्रकार दिले आहेत. द्राक्षरसाच्या मद्याला तो मधु म्हणतो आणि त्याची दोन नावे सांगतो, दोन्ही देशांवरून पडलेली: कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेचा प्रदेश. त्याच यादीत अरिष्टेही आहेत. पण ती कशी करायची हे वैद्यांनी त्या त्या रोगाप्रमाणे ठरवावे, असे तो म्हणतो. म्हणजे द्राक्षाचे पिण्याचे मद्य वायव्येकडचे आणि औषधाचे मद्य वैद्याच्या ताब्यातले, ही वाटणी तेव्हाच झालेली दिसते. चरकसंहितेत तर आसवांचे चौऱ्याऐंशी प्रकार मोजले आहेत. त्यातल्या फळांच्या आसवांत पहिले नाव मृद्वीकेचे, म्हणजे द्राक्षाचे.

दख्खनमध्ये ताजी द्राक्षे नव्हतीच असे नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा तिथली द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात असे त्याने लिहिले. त्याला त्याचे नवल वाटले, पण न झोपणाऱ्या वेलीची ती साधी साक्ष आहे. तरी दौलताबादची बाग म्हणजे काही सगळा मुलूख नव्हे. माझा तर्क असा की, बाकीच्या गावांना द्राक्ष भेटले ते मनुकेच्या रूपात, पोत्यात बांधलेले, काबूल-कंदाहारकडून हात बदलत आलेले. वेरोनाच्या माणसाने द्राक्ष वाळवले ते मद्यासाठी. आपल्याकडे ते वाळलेलेच आले, कारण वाळल्याशिवाय ते इथवर टिकलेच नसते. मग वैद्याने ते पाण्यात उकळून त्याचा रस परत मिळवला. तिकडे पाणी काढून टाकण्याची युक्ती, इकडे पाणी परत घालण्याची.

हा तर्क सुचला तेव्हा मी फार खूश झालो. लेख तिथेच संपवणार होतो. पण तेरच्या प्रकरणाने शहाणा झालो असल्यामुळे मूळ कृती काढून मापे मांडली. शार्ङ्गधरसंहितेतल्या द्राक्षारिष्टाची कृती अशी: मनुका पन्नास पल, पाणी दोन द्रोण, चौथाई उरेपर्यंत आटवायचे, गाळायचे, निवल्यावर त्यात दोनशे पल गूळ घालायचा, मग दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र, नागकेशर, मिरी, पिंपळी, वावडिंग अशी चूर्णे, आणि मडक्यात बंद करून मुरू द्यायचे. आजच्या औषधी मापांनी मनुका सुमारे २.४ किलो आणि गूळ ९.६ किलो. मनुकेच्या चौपट गूळ! द्राक्षारिष्टातला मद्यार्क मुख्यतः उसाचा आहे, द्राक्षाचा नव्हे. मनुका हे औषध, गूळ हे त्याचे जळण. आईची बाटली आमारोनेची बहीण, असे मी जे वाक्य मनात घोळवत होतो ते खोडावे लागले. फार तर चुलत बहीण, तीही साखर कारखान्याच्या गावात दिलेली.

पण नाते आहेच. आज औषध करणारे त्यात धायटीची फुले घालतात, त्याने आंबणे नीट लागते. बाहेरून दारू मिसळत नाहीत. आतल्या आत जी होते तीच. बाटलीवर तिला स्वयंजनित मद्यार्क म्हणतात. आणि या चुलत नात्याने कायद्याला बरेच सतावले आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला. एफ. एन. बलसारा या मुंबईकर गृहस्थांनी त्याला आव्हान दिले. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, औषधी वाइन, यू-डी-कोलोन, असे सगळे बाळगण्याचा हक्क त्यांनी मागितला होता. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो मोठा मासलेवाईक आहे. प्यायच्या दारूवरची बंदी टिकली. मात्र मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यावर सरसकट बंदी घालणे अवाजवी ठरले. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन, नशेसाठी पिण्याजोगी नसलेली औषधे त्यातून वगळण्यात आली. आमचा जिल्हा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता, १९५६ पर्यंत. त्यामुळे ही भांडणे आमच्या दारात जरा उशिराने आली, आणि आजही दारूच्या दुकानाचा परवाना त्याच १९४९ च्या कायद्याखाली मिळतो. औषधांच्या नियमांत महाद्राक्षासवाला वेगळी ओळ आहे: मद्यार्क १६ टक्क्यांपर्यंत, बाटली १२० मिलिलिटरपेक्षा मोठी नको. आमारोने १४ टक्क्यांपासून सुरू होते. भेद मद्यार्काच्या टक्क्यात फारसा नाही. तो बाटलीच्या आकारात आहे आणि ओतायला चमचा घेता की पेला, यात आहे.

आता घरची गोष्ट. माझे धाकटे काका १९८७ साली वारले. वय अडतीस. त्यांनी वाइन कधी पाहिलीही नव्हती, हातभट्टी प्यायचे. काकूंनी दोन मुले घेऊन दुसऱ्यांच्या बागेत द्राक्षांची विरळणी केली, मणी कातरले, रॅकवर माल पसरला. आमच्या घरात तेव्हापासून दारू हा शब्दही उच्चारत नाहीत. आई "ते पाणी" म्हणते. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा गावोगाव चर्चा झाली. तो निर्णय पुढे अमलात आला नाही, पण त्या महिनाभरात माझ्या दुकानाच्या बाकावर रोज वाद रंगे. द्राक्षवाले म्हणत, वाइन म्हणजे दारू नव्हे, आमच्या मालाला दोन पैसे मिळतील. काकू एकदा औषध न्यायला आल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "ह्यांच्या घरातलं कुणी मेलंय का पिऊन?" बाकावर कुणी बोलले नाही.

मी कोणत्या बाजूचा, असे वाचक विचारतील. संशोधक म्हणून सांगायचे तर, दोन्ही बाजूंनी इतिहास वाकवला जातो. वाइन ही आपली प्राचीन परंपरा, असे म्हणणाऱ्यांनी कौटिल्याचे कापिशायन नकाशावर कुठे आहे ते बघावे. आणि द्राक्षाचे मद्य हे पाश्चात्त्य खूळ, असे म्हणणाऱ्यांनी घरातले औषधांचे कपाट उघडावे. धंद्याच्या दृष्टीने पाहिले तरी गणित सोपे नाही. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क झाले. नाशिकची एक कंपनी वेलीवरच उशिरापर्यंत ठेवून सुरकुतू दिलेल्या शेनिन ब्लांची गोड वाइन काढते. मनुकांच्या मद्याच्या सर्वांत जवळ आपण पोचलो ते तिथे. अकलूजकडे तर एका इटालियन, एका दिल्लीच्या आणि एका स्थानिक कुटुंबाने मिळून वाइनरी उभी केली, नाव फ्रातेल्ली, म्हणजे भाऊ. पण ती सगळी वाइनसाठी मुद्दाम लावलेल्या जातींची गोष्ट आहे. रॅकवर भिजलेल्या सोनाकाला तिथे दार नाही. डिपिंग ऑइलमध्ये बुडवलेला, गंधकाची धुरी खाल्लेला माल वाइनवाला घेतही नाही, आणि त्याचे चुकते असे मी म्हणणार नाही.

वेरोनाच्या माळ्यावरसुद्धा दमट हवेने घड बुरशी धरतात, पेट्याच्या पेट्या टाकून द्याव्या लागतात. फरक असा की, तिथे शंभर दिवसांची जोखीम बाटलीच्या किमतीत धरलेली असते. आपल्याकडे पंधरा दिवसांची जोखीम एकट्या शेतकऱ्याच्या अंगावर असते. विसरलेल्या पिंपाला तिथे नाव मिळाले, कारण ते पिंप ज्या संस्थेचे होते ती ते सांभाळू आणि विकू शकत होती. अणदूरच्या त्या शेडमधला माल कोण सांभाळणार होते?

आमच्या गावाला मुक्काम बदलण्याची सवय आहे. खंडोबा सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपूरला असतो, हे महाराष्ट्रात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पौषात तिकडे यात्रा भरते तेव्हा इथल्या बागांमध्ये मणी फुगत असतात, आणि वेरोनाच्या माळ्यांवर, या वर्षीच्या पंचांगाने पाहिले तर, वाळलेले घड ठेचायला घेतलेले असतात. यात काही संबंध नाही. मला तारखा जुळवायचा नाद आहे एवढेच.

भिजलेला बेदाणा शेवटी एका व्यापाऱ्याने येईल त्या भावात उचलला. कशासाठी, ते त्याने सांगितले नाही आणि शेतकऱ्याने विचारले नाही. माझी उधारी पुढच्या हंगामात दोन हप्त्यांत फिटली.

हा लेख लिहून झाल्यावर आईला वाचून दाखवला. कौटिल्य वगैरे तिने डोळे मिटून ऐकले. गुळाच्या मापाला मान हलवली. म्हणाली, "म्हणून गोड लागतं व्हय." कायद्याचा भाग आला तेव्हा मी जरा भीतभीतच सांगितले की, तिच्या बाटलीत आतल्या आत दारू तयार होते, तसे लेबलवर छापलेले असते. ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने कपाटाकडे हात केला. जेवण झाले होते, तिची वेळ झाली होती. मी बाटली काढली, चमचा धुऊन आणला. लेबलावरची ती ओळ तिने मला दोनदा वाचायला लावली.

"काकूला नको सांगूस," ती म्हणाली आणि चमचा पुढे केला.